यमुनामाय सांगेल ते वय

नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी लोकांच्या दारात उभी राहून मुख्यतः दोनच गोष्टी विचारल्या. यंदा घरात लग्न कोणाचं झालं आणि लेकरू कोणाला झालं. अनोळखी बाईनं येऊन असं विचारलं की माणसं एकतर दार लावून घेतात, नाहीतर बसायला पोतं टाकून चहा ठेवतात. मला दोन्ही अनुभव भरपूर आले. काही घरांनी तर एकाच वर्षात दोन्ही दिले.

मी मूळची पातूरची. परिचारिकेचं शिक्षण घेतलं आणि अकोल्याच्या जुन्या शहरात, मोरणा नदीच्या बाजूच्या एका वॉर्डात नेमणूक झाली. बहुतेक नोकरी तिथंच गेली. लोक सिस्टर म्हणत, म्हाताऱ्या नर्सबाई म्हणत आणि लहान लेकरं सुईवाली आली म्हणून बाजेखाली लपत. नर्सचं काम म्हणजे सुया टोचणं, असं बाहेरच्यांना वाटतं. ते होतंच. पण निम्मं काम मोजण्याचं होतं. घरोघरी जायचं, नवी लग्नं किती, गरोदर किती, बाळंत किती, हे विचारायचं आणि ते वर पाठवायचं. त्यावरून वरचे लोक वॉर्डाचा जन्मदर काढत.

जन्मदर हा शब्द पेपरात वाचायला सोपा आहे. हजार माणसांमागे वर्षाला किती लेकरं जन्मली, एवढाच त्याचा अर्थ. मोजायला निघालं की कळतं, लेकरं मोजणाऱ्याची सोय बघून जन्मत नाहीत. आमच्या वऱ्हाडात पहिलं बाळंतपण माहेरी. वॉर्डातली सून सातव्या महिन्यात तिवशाला नाहीतर वलगावला जाणार आणि बाहेर दिलेली वॉर्डातली लेक पोट घेऊन इकडे येणार. जिला मी महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या दिल्या तिचं लेकरू दुसऱ्या सिस्टरच्या हिशेबात, आणि जिला मी कधी पाहिलं नाही तिचं माझ्या हिशेबात. एका बैठकीत साहेबांनी मला उभं केलं होतं. म्हणाले, "तुमच्या वॉर्डात गरोदर बायका दिसतात, जन्म दिसत नाहीत. लेकरं गेली कुठं?"

मी म्हटलं, "मामाच्या घरी, साहेब."

सगळे हसले. साहेबही हसले, पण तक्ता मात्र दुरुस्त करून मागितला.

दुसरी एक गोष्ट मला वॉर्डातल्या बायकांनी शिकवली. नवीन असताना मी विचारायची, "मुलं किती?" तर एक बाई तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "झाले का हायेत?" मला आधी कळलंच नाही. ती म्हणाली, "झाले सात. हायेत तीन. तुमाले कोनते पाह्यजेत?" तिच्या आवाजात काही नव्हतं, ती मला नीट माहिती देत होती एवढंच. तेव्हापासून मी दोन प्रश्न वेगळे विचारायला लागले. पुढं पुढं दुसरा प्रश्न विचारायची गरज कमी होत गेली. झाले तेवढे राहायला लागले. माझ्या नोकरीचं कोणी मला फळ विचारलं, तर मी हे सांगते.

त्या वॉर्डात माझ्या आधी एक बाई हेच काम करून बसली होती. तिचं नाव यमुनामाय. ती वॉर्डाची जुनी दाई. मी रुजू झाले तेव्हा ऐंशीच्या पुढची असेल. नक्की तिलाही माहीत नव्हतं. डोळ्यांनी कमी दिसायचं, बाळंतपणं तिनं केव्हाच सोडली होती, पण टिनाच्या घरासमोरच्या छपरीत बाजेवर बसून ती येणाऱ्याजाणाऱ्याला आवाजावरून ओळखायची. वॉर्डातल्या चार पिढ्या तिच्या हातावर आलेल्या. मी फिरून फिरून दमले की दुपारी तिच्या छपरीत डबा खायची. ती माझ्या डब्यात ठेचा टाकायची आणि माझी पोळी बोटांनी चाचपून म्हणायची, "हे काय, कागद खातं का तू?"

जन्माची नोंद करायची पद्धत तेव्हा वॉर्डात फारशी नव्हती. लेकरं घरी व्हायची. मग शाळेत घालताना, नोकरीला लावताना, लग्न जमवताना वय कोण सांगणार? यमुनामाय. मोरणेला मोठा पूर आला त्या साली, अमक्याच्या घराला आग लागली त्याच्या दुसऱ्या महिन्यात, असा तिचा हिशेब. तो नेहमी बरोबर असायचा असं नाही. दोन भावांमध्ये तिनं एकदा पाचच महिन्यांचं अंतर सांगितलं होतं आणि हट्टानं सांगितलं होतं. शिवाय ती माणूस बघूनही वय सांगायची. शाळेसाठी एक, लग्नासाठी दुसरं. पोरीचं वय लग्नाच्या वेळी हमखास वाढायचं. कायद्यानं अठरा हवेत ना, मग अठरा. तिचा शब्द कोणी खाली पडू देत नसे.

तिच्या तोंडून मी जुन्या अकोल्यातली लग्नं आणि बाळंतपणं ऐकली. तिचं तरुणपण म्हणजे मागच्या शतकाची पहिली वीस-पंचवीस वर्षं. ती सासूच्या मागं मागं जाऊन काम शिकली.

"आमच्या काळी बिनलग्नाची पोरगी पाह्याले भेटत नव्हती, बाई," ती सांगायची. "रांगता रांगता लगन. मले माह्यं लगन आठवत नाई. बापाच्या खांद्यावर झोपली होती म्हने मी. एका मांडवात तिघी बहिनी उजवत. धाकटी अंगावर पेत असे."

"आणि लेकरं?"

"न्हान आलं का वर्षभरात पाळना. मंग दर दोन वर्साले. पन आळीतले लेकरं काही वाढत नव्हते. या घरी पाळना बांधला, त्या घरी खड्डा खनला. बारा वेळा बाळंत झालेली बाई दोन लेकरं घेऊन लग्नाले येई."

हे ती रडगाणं म्हणून सांगत नसे. सगळ्यांचंच तसं होतं. मला मात्र तिच्या बोलण्यातल्या एका गोष्टीचं फार नवल वाटलं. ती म्हणाली, सगळ्या आळ्यांमध्ये सारखी लेकरं होत नव्हती.

"आमच्यात पाट लागे," ती म्हणाली. पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. "नवरा मेला, वर्स गेलं, दुसरं घर पाह्यलं. मंग तिथं लेकरं होत. वरच्या आळीत तसं नव्हतं. तिथं तेरा-चौदा वर्साची पोरगी, डोक्यावर केस नाई, अंगावर लाल लुगडं, बसली कोपऱ्यात जनमभर. त्या आळीतून मले बलावनं कमी. सासू म्हने, तिकडच्या अर्ध्या पोरी तं बसूनच हायेत."

माझ्या प्रशिक्षणात जन्मदर कमी करायचा म्हणजे तांबी, निरोध, ऑपरेशन, एवढंच शिकवलं होतं. यमुनामायच्या छपरीत मला कळलं की जन्म किती होणार हे आधी लग्न ठरवतं. कोणत्या बाईला नवरा असू द्यायचा आणि कोणत्या बाईला नाही, हे ज्याच्या हातात, लेकरांचा आकडाही त्याच्याच हातात. त्या कोपऱ्यात बसलेल्या पोरी कोणाच्या हिशेबात आल्या असतील का, असं मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "तांदूळ निवडाले होत्या ना. तिथं मोजत त्याईले."

मानमोडीची साथही तिनं पाहिली होती. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी देशभर पसरलेल्या त्या तापाला आपल्याकडे मानमोडी म्हणत. यमुनामाय तेव्हा नवी सून होती. "त्या साली लगनं झालेच नाई," ती म्हणाली. "कोन कोनाचं लावन? वाजंत्रीवालेच गेले. मंग पुढच्या उन्हाळ्यात बायका मेलेले बाप्ये अन् नवरे मेलेल्या बाया, पाटावर पाट. त्याच्या पुढच्या साली मले अन् सासूले भाकर खाले फुरसत नव्हती."

आता मूळ गोष्टीकडे येते.

यमुनामाय तिचा नातू नामदेव याच्या घरी राहायची. नामदेव डाळ मिलमध्ये पाळीवर जायचा. त्याची बायको काविळीनं गेली होती. मागं एकच पोरगी, संगीता. आई गेली तेव्हा ती लहान होती, त्यामुळे यमुनामायनंच तिला वाढवलं. पोरगीही तिला मायच म्हणायची. आठवीत होती. लंगडी खेळताना भिंत फुटेल असा आवाज करायची. आदल्याच वर्षी, पहिल्यांदा पाळी आली तेव्हा घाबरून माझ्याकडे पळत आली होती, कारण म्हातारीला सांगायची लाज वाटत होती. मी तिला सगळं समजावलं, कापड कसं घ्यायचं ते दाखवलं.

एका फाल्गुनात सर्वेक्षणाला त्यांच्या घरी गेले. नामदेव दारातच होता. "जय भीम, सिस्टर," म्हणाला. मी नेहमीचं विचारलं, यंदा घरात लग्न आहे का?

"हाय ना. संगीताचं."

मी थांबले. "किती वर्षांची आहे ती?"

"अठरा," तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

"नामदेवभाऊ, मी तिला ओळखते."

मग तो खाली बसला. त्याचं म्हणणं मला आजही चूक म्हणवत नाही. "सिस्टर, मी पाळीवर गेलो का घरात बुढी अन् पोरगी. बुढी आज हाय, उद्या नाई. वस्तीतले पोट्टे कसे हायेत तुमाले मालूम हाय. इकडं तिवशाचं स्थळ चालून आलं. पोरगा अमरावतीले सरकारी हापिसात शिपाई हाय. हुंडा मांगून नाई राह्यले. असं स्थळ तिले परत कोन आनन?"

अडचण एकच होती. पोराचा मामा वलगावला मास्तर होता आणि त्याला भीती होती, की सरकारी नोकरीतल्या पोरानं अठराच्या आतली बायको केली आणि कोणी तक्रार केली, तर नोकरी जाईल. म्हणून त्यानं अट घातली होती. साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, आधी बैठक होईल, तिथं पोरीचं वय चारचौघांसमोर सांगायचं. कोण सांगणार? जिनं बाळंतपण केलं ती. शाळेतल्या तारखा अंदाजानं टाकतात हे मास्तरला ठाऊक होतं; यमुनामाय सांगेल ते वय त्याला मान्य होतं.

मी दुसऱ्या दिवशी डबा घेऊन यमुनामायकडे गेले. संगीता शाळेत होती. म्हातारी बाजेवर तंबाखू मळत बसली होती.

"माय, तुम्ही काय सांगणार?"

"अठरा," ती म्हणाली. "दुसरं काय सांगतात?"

"ती पंधराचीसुद्धा नाही."

"तेराव्या वर्सी माह्या मांडीवर लेकरू होतं, बाई."

"ते आहे का आता?"

तिनं तंबाखू मळायचं थांबवलं. "नाई," म्हणाली. मग थोडी चिडून म्हणाली, "तुले सोपं हाय. तू संध्याकाळी घरी जातं. मी डोये मिटले तं या पोरीच्या मागं कोन? नामदेव पाळीवर. तिच्या घरात नवरा असन, सासू असन, दोन वेळची भाकर असन. मले मराले मोकळी करून दे."

कायदा सांगून उपयोग नव्हता. कायद्यातल्या अठराचं काय करायचं ते तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मी म्हटलं, "माय, तुम्ही पंधरा वर्षांच्या, चौदा वर्षांच्या पोरी बाळंत केल्या. कशा झाल्या त्या, एवढंच सांगा. मी नंतर काही विचारणार नाही."

ती पुन्हा तंबाखू मळायला लागली. रस्त्यावरून हातगाडी गेली, कोणीतरी तिला रामराम घातला, तिनं तोही घेतला नाही. शेवटी म्हणाली, "एक होती. दोन दिवस बसली. माह्या सासूनं सगळं करून पाह्यलं. कंबरच उघडत नव्हती तिची. लेकरासारखीच रडत होती, माय माय करून. अन् तिची माय बाहेर दारात बसून होती." मग तिनं हात झटकला. "जा तू आता. तुह्या कामाले उशीर होऊन राह्यला."

बैठक रविवारी होती. नामदेवनं मलाही बोलावलं, नाही बोलावलं तर मी बाहेर काही बोलेन या भीतीनं असेल. छपरीत सतरंजी टाकली होती. तिवशाची मंडळी आली. पोरगा चांगला होता हे मला सांगायलाच हवं. मान खाली घालून, नवा शर्ट घालून बसला होता. पोहे झाले. संगीताला साडी नेसवून आणून बसवलं. साडीचा घोळ तिला सांभाळता येत नव्हता. मी बायकांमध्ये उंबऱ्यापाशी बसले होते.

मास्तर मामांनी घसा साफ केला. "माय, आमचा तुमच्या शब्दावर भरोसा हाय. पोरीले कितवं चालू हाय?"

नामदेव म्हणाला, "सांग बुढे."

यमुनामाय भिंतीला टेकून बसली होती. तिनं तोंड मास्तरच्या आवाजाकडे वळवलं आणि म्हणाली, "पंधरा पुरे नाई. आखाडीले पुरे होतीन."

नामदेव म्हणाला, "बुढीले आता ध्यानात राह्यत नाई."

"मले सारं ध्यानात हाय," ती म्हणाली. "तुह्या बायकोच्या कळा दुपारी सुरू झाल्या, तू मिलमधून आला तवा पोरगी दुपट्यात होती. लोकाच्या पोरीचे वय मी लई वाढवले, नामदेव. हिचं नाई वाढवत."

मास्तर मामा सभ्य माणूस होता. त्यानं चहा संपवला, कप नीट बाजूला ठेवला आणि म्हणाला, "बरं झालं, आताच समजलं." नामदेवनं हात जोडून विचारलं, तीन वर्षं थांबता का? पोराची आई म्हणाली, "तीन वर्स कोन थांबते, भाऊ? माह्यंही वय होऊन राह्यलं." ते उठले. त्याच उन्हाळ्यात त्या पोराचं लग्न वलगावच्या एका पोरीशी झालं असं पुढं कळलं.

मंडळी गेल्यावर नामदेव माझ्यापाशी आला. ओरडला नाही. म्हणाला, "तुमच्या हिशेबात एक लगन कमी झालं. खुश?"

त्यानंतर त्याच्या घराचं दार मला कित्येक दिवस उघडलं नाही. आजूबाजूच्या दोन-चार घरांनीही तेच केलं. सिस्टरनं म्हातारीचे कान भरले आणि चांगलं स्थळ घालवलं, अशी गल्लीत बोलवा झाली. त्या घरच्या बायका लेकरांना लस द्यायला आणत नसत. मी दारात उभी राहिले की आतून आवाज यायचा, घरी कोनी नाई. पुढच्या पावसाळ्यात यमुनामाय गेली. मी गेले होते. नामदेवनं मला हटकलं नाही, पाणीही विचारलं नाही. संगीताला त्यानं पातूरला तिच्या आत्याकडे पाठवलं.

ती तिथं दहावीपर्यंत शिकली. एकोणीस-वीसची झाल्यावर अमरावतीच्या एका सायकल दुरुस्तीच्या दुकानदाराला दिली. एक मुलगा, एक मुलगी झाली. नवऱ्याला दारूचं व्यसन लागलं आणि तो लवकर गेला. पोरींच्या एका वसतिगृहात स्वयंपाक करून तिनं दोन्ही लेकरं वाढवली. या बातम्या मला तुकड्यातुकड्यानं कळत. प्रत्येक वेळी मनात यायचं, तिवशाचा तो शिपाई पुढं हेडक्लार्क झाला म्हणतात, त्याच्या घरी ती बरी राहिली असती की काय. आकड्यात बसणाऱ्या गोष्टी मोजता येतात. न झालेलं लग्न बरं झालं असतं की वाईट, हे मोजायची रीत आम्हाला कोणी शिकवली नव्हती.

तरीही, खरं सांगते, ती बैठक मी आयुष्यभर माझी कमाई म्हणून बाळगली. नव्या परिचारिकांना शिकवायला जायची तेव्हा मी ही गोष्ट सांगायची. कायदा सांगू नका, दाईला तिच्याच आठवणीतून समजवा, मी कसा तो एक प्रश्न विचारला आणि म्हातारी कशी बदलली. पोरी लिहून घ्यायच्या.

निवृत्तीनंतर मी मुलाकडे अमरावतीला राहायला आले. विहारात एका रविवारी एक बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. केस पांढरे, चष्मा. "तायडे सिस्टर ना? मी संगीता. अकोल्याची." मला रडू आलं. ती हसत होती. मग भेटी सुरू झाल्या.

आता काळ असा उलटा आहे, की लग्नाच्या चौकशीला लोक मला शोधत येतात. इतकी घरं पाहिलेली बाई, हिला स्थळं ठाऊक असणार. पस्तीशीतल्या पोरांच्या आया मोबाईलवर फोटो दाखवतात. शेती आहे, घर आहे, व्यसन नाही, पोरगी मिळत नाही. माझ्या जुन्या वॉर्डात आता जी सिस्टर आहे ती सांगते, अंगणवाडीत लेकरं कमी झाली, एक झालं की लोक दुसऱ्याचा विचार थांबवतात. यमुनामायला हे सांगितलं असतं तर तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला असता.

गेल्या वर्षी संगीता माझ्याकडे आली ती तोंड पाडून. "ताई, माह्या प्रज्ञाले समजवा. तिशीच्या पुढं गेली. बँकेत हाय, चांगली कमावते, अन् लगन नाई म्हनते. वलगावचं स्थळ आलं हाय. पोरगा प्राध्यापक हाय. त्याची माय रोज फोन करते. तुमचं ऐकन थे."

मी गेले. प्रज्ञा समोरच्या खोलीत बसली होती. संगीता स्वयंपाकघरात गेली, पण दार उघडं ठेवून. मी इकडचं तिकडचं बोलले. प्रज्ञा शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "मावशी, तुम्हीच आईचं लग्न मोडलं होतं ना? आणि आता माझं लावायला आलात."

मी हसले. दुसरं काय करणार?

"एक विचारू?" ती म्हणाली. "तुम्ही सर्वे करायच्या. लग्न न केलेली बाई तुम्ही कुठं धरायच्या?"

"कुठंच नाही," मी म्हटलं. "आम्ही पात्र जोडपी मोजायचो. लग्न झालं की बाई आमच्याकडे यायची. त्याआधी तिला शाळावाले मोजत असतील."

"म्हणजे मी नाहीच." तिनं हे कडवटपणे म्हटलं नाही. मग म्हणाली, "आईच्या त्या वेळी एवढे सगळे बसले होते. आजोबा, आईची पणजी, ते मास्तर, तुम्ही. कोणी आईला विचारलं होतं का, तिला करायचं आहे की नाही?"

मी तो सगळा प्रसंग मनात फिरवून पाहिला. तेवढ्यात संगीता पिठाच्या हातानं दारात येऊन उभी राहिली.

"इचारलं होतं," ती म्हणाली. "मायनं."

आम्ही दोघी तिच्याकडे बघत राहिलो.

"बैठकीच्या आदल्या दिवशी, दुपारी. ती माह्ये केस विंचरून देत होती. मधीच म्हने, संगे, तुले जाचं हाय का त्या घरी? मी म्हटलं, नाई. मले नववीत बसाचं हाय. ती लई वेळ नुसती फनी फिरवत राह्यली. डोकं दुखाले लागलं माह्यं. मंग म्हने, मले हे कोनी इचारलं नव्हतं. अन् म्या बी जनमभर कोन्या पोरीले इचारलं नाई."

इतकी वर्षं मी नव्या परिचारिकांना जे सांगत आले ते मला आठवत होतं, त्यांनी लिहून घेतलेलंही आठवत होतं. माझा प्रश्न म्हातारीच्या मनात गेला असेल, नाही असं नाही. पण ती माझ्यामुळे बोलली नव्हती. पोरगी नाही म्हणाली म्हणून बोलली होती. थोडं वाईट वाटलं, नाही म्हणत नाही. मग त्याहून जास्त काहीतरी वाटलं. ऐंशी ओलांडलेली, रांगता रांगता लग्न झालेली बाई, तिनं हा प्रश्न कुठून काढला असेल?

"तू मला हे कधीच सांगितलं नाही," प्रज्ञा आईला म्हणाली.

"तू कधी इचारलं?"

"आणि तू? तू मला विचारलंस? स्थळ आलं म्हणालीस, फोटो दाखवलास, मावशींना आणलंस."

संगीता पिठाचे हात तसेच धरून उभी होती. तिचं तोंड मला दिसत नव्हतं, ती पोरीकडे बघत होती. मग ती एका दमात म्हणाली, "बरं. तुले कराचं हाय का लगन?"

"आत्ता नाही," प्रज्ञा म्हणाली. "पुढचं मला माहीत नाही. माहीत झालं की तुलाच आधी सांगेन."

"बरं," संगीता म्हणाली आणि आत गेली. आम्ही जेवलो. वांग्याची भाजी, भाकर, शेंगदाण्याची चटणी. लग्नाचा विषय पुन्हा निघाला नाही. प्रज्ञानं मला त्यांच्या बँकेत येणाऱ्या विचित्र गिऱ्हाइकांचे किस्से सांगितले. ती गोष्ट चांगली सांगते.

मी निघण्यासाठी चपला घालत होते तेव्हा संगीताचा फोन वाजला. तिनं पाहिलं आणि मला हळूच म्हणाली, "वलगाव. पोराची माय." मला वाटलं, ती वाजू देईल. तिनं उचलला.

"हां ताई, जय भीम. हां, बोलली मी. पोरीले इचारलं. थे नाई म्हनते." पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. मला शब्द कळत नव्हते, आवाज तेवढा चढलेला ऐकू येत होता. संगीता भिंतीला टेकून ऐकत राहिली. मग म्हणाली, "काहून इचारलं म्हनजे? लगन तिचं होतं ना, ताई."